चार नव्या वर्षांचे भाऊजी

नवं वर्ष सगळ्यांना वर्षातून एकदा येतं. आमच्या भाऊजींना ते चारदा येतं. १ जानेवारीला कॅलेंडरचं, गुढीपाडव्याला मराठी माणसाचं, १ एप्रिलला बँकेचं आणि दिवाळीच्या पाडव्याला बहीखात्याचं. चारही वर्षं ते सारख्याच भक्तिभावाने पाळतात आणि प्रत्येकाच्या आदल्या रात्री चष्मा पुसून संकल्प लिहायला बसतात. तुमचा-माझा संकल्प संक्रांतीच्या आत पडतो आणि मग पुढच्या डिसेंबरपर्यंत आपण तोंड लपवून हिंडतो. भाऊजींना तोंड लपवावं लागत नाही. त्यांचं पुढचं नवं वर्ष कोपऱ्यावरच उभं असतं.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बालाघाटातल्या एका राइस मिलमध्ये मुनीम आहेत, आणि इतकी वर्षं आहेत की गावात त्यांचं खरं नाव फक्त आधार कार्डाला ठाऊक असावं. बाकी सगळ्यांना ते मुनीमजी. मी राहतो गोंदियाला, म्हणजे चाळीसेक किलोमीटरवर. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं आणि गोंदिया मुंबई राज्यात गेलं. मधे बाघ नदी आणि तिच्या काठचं रजेगाव. सीमा आखणाऱ्यांनी नकाशा बघितला, सोयरिकी बघितल्या नाहीत. त्यामुळे आमच्याकडे अर्ध्या मुली या राज्यात आणि अर्ध्या त्या राज्यात दिलेल्या. भाऊजी हिशेब हिंदीत करतात, भांडण मराठीत करतात आणि हिशेबावरून भांडण झालं की समोरच्याला काहीच कळत नाही. मुनीम म्हणून त्यांचा दबदबा आहे तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

२०२० पर्यंत भाऊजींनी घरासाठी एकही संकल्प केला नव्हता. त्यांचे संकल्प मिलचे असत. यंदा बारदाना कमी फाटला पाहिजे, हमालांची उचल वेळेत वळती झाली पाहिजे, असे. घर हे आपोआप चालणारं यंत्र आहे आणि त्याला तेलपाणी ताई करते, अशी त्यांची पक्की समजूत. घरात कोण कितवीत शिकतं हे ते फी भरायच्या दिवशी विचारून घेत.

मग करोनाची ती दोन वर्षं आली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याला कंपनीत असलेला थोरला पोरगा एक बॅग आणि अर्धवट पगार घेऊन परतला. तो परतला तो राहिलाच. ऑगस्टच्या शेवटी सिवनीकडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा अशी फुगली की तिच्या काठचं भाऊजींचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, दोघांचंही धान पाण्याखाली गेलं. त्या दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून बोलणं बंद होतं. पाण्याने धुरा बुजवून टाकला, अबोला तेवढा वर राहिला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ताईच्या सासूबाई गेल्या. महाराष्ट्रातून येणाऱ्या बसेस मार्चपासूनच बंद केलेल्या. मी मोटरसायकल काढून रजेगावपर्यंत गेलो, नाक्यावर कागद मागितले, माझ्यापाशी नव्हते, परत फिरलो. तेरवीला चार माणसं होती. बाकी सगळे मोबाइलवर. भाऊजींनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि आम्ही सगळे त्यात छोट्या-छोट्या चौकोनांत हात जोडून बसलो होतो. कोणाचा तरी आवाज चालू राहिला होता आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. भाऊजींनी त्या शिट्ट्याही मोजल्या असाव्यात. त्या काळात ते सगळंच मोजत. ऑक्सिमीटरचा आकडा, वाफेची मिनिटं, काढ्याचे घोट.

त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी बही काढली. वर ‘श्री’, दोन बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’, मधे ‘कुटुंब खाते, सन २०२२’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ताईने मला फोन केला, “अरे, हे मलेच खात्यात टाकून राह्यले. पानावर माह्यं नाव लिवलं हाय, आन् समोर बाकी काढली हाय!”

“किती काढली?” मी विचारलं.

“आकडा नाही. नुसतं ‘पुष्कळ’ लिवलं हाय.”

पहिलं खातं जेवणाचं होतं. रात्री ठीक ८ वाजता सर्वांनी एकत्र जेवायचं, जेवताना मोबाइल नाही. दाराशी एक रिकामा डालडाचा डबा ठेवला. त्यात मोबाइल टाकायचे आणि जो जेवताना उचलेल त्याला ५ रुपये दंड. आता ज्याला बालाघाट माहीत आहे त्याला कळेल की जानेवारीत राइस मिलच्या माणसाने ८ वाजता जेवायचं ठरवणं म्हणजे नवरदेवाने लग्नाच्या दिवशी दुपारी झोपायचं ठरवणं. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्याभरातलं धान खरेदी केंद्रांवर येतं. त्या हंगामात हमीभाव १९४० रुपये क्विंटल होता. ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की पोतं बाजूला. रात्र-रात्र ट्रॅक्टरांच्या रांगा, मिलच्या दारात ट्रक, आणि प्रत्येक ट्रकवाल्याकडे मुनीमजींचा नंबर. भाऊजी घरी पोचायचे साडेदहाला. तोवर लेकरं उपाशी, ताई तापलेली आणि वरण गार. पहिल्याच आठवड्यात डब्यातला फोन सात वेळा वाजला, सातही वेळा तो भाऊजींचाच होता.

“आता तुमचे पस्तीस रुपये झाले,” पोरगी म्हणाली.

“हे धंद्याचे फोन हाय. धंद्याले सूट असते.”

“बहीत तसं लिवलं नाही, बाबा.”

भाऊजी उठले, हात धुतले, बही आणली आणि ‘व्यापारिक सूट’ असं लिहून पुन्हा पानावर बसले. दुसऱ्या दिवशी थोरल्याने फोन उचलला आणि शांतपणे म्हणाला, “व्यापारिक सूट.” त्याचाही आता धंदा होता. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हा पोरगा एक-एक किलोच्या पिशव्या भरून नागपूर-पुण्याच्या जुन्या मित्रांना विकायला लागला होता. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा मऊ, वासाचा तांदूळ. शिजायला घातला की शेजारच्याला कळतं आज पाहुणे आहेत. उतारा कमी, म्हणून शेतकरी तो घरापुरता लावायचे. तर बहीत दुसरं खातं होतं, ‘मुलाच्या धंद्यात तोंड घालणे नाही.’ हे खातं उघडलं त्याच संध्याकाळी भाऊजींनी पिशवीचं वजन करून पाहिलं. दहा ग्रॅम जास्त भरली होती. “अशानं दिवाळं निघते रे!” म्हणून त्यांनी सगळ्या पिशव्या उसवायला लावल्या. नंतर नोंद केली : ‘तोंड घातले नाही. फक्त काटा दाखविला.’

१ जानेवारीला गांगुलपाऱ्याला सहल. हेही खातंच. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी अर्धं बालाघाट तिथल्या तलावावर असतं आणि उरलेलं अर्धं वैनगंगेच्या घाटांवर. भाऊजींनी सहलीचा कार्यक्रम कागदावर उतरवून आणला होता. ११ ते १२ नाश्ता, १२ ते १ ‘परस्पर संवाद’, १ ते २ भोजन. झालं असं, की ताई ११ पासून गोवऱ्यांच्या जाळात रोडगे उलटत बसली, पोरगी फोटो काढत पाण्याकडे गेली, थोरला सतरंजीवर आडवा झाला आणि परस्पर संवाद भाऊजींनी शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या भरवेलीच्या एका खाणकामगाराशी केला. तोही कुटुंबाला वेळ द्यायला आला होता. दोघे तासभर आपापल्या कुटुंबाकडे पाठ करून कुटुंबाला वेळ देण्याचं महत्त्व एकमेकांना पटवत होते. रोडगे झाले तेव्हा ताईने हाक मारली, “या जी, संवाद झाला अशीन तं जेवून घ्या!” त्या माणसाच्या बायकोनेही जवळपास तीच हाक मारली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. त्या दिवशीचा खरा परस्पर संवाद तेवढाच.

असे लोक तुमच्याही गावात असतील. बालाघाटच्या मोती तलावाभोवती नव्या बुटांनी चकरा मारणारे, १२ जानेवारीपर्यंत दिसतात. बायकोसाठी संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा नेण्याचं ठरवून जानेवारीत मोगरा शोधणारे. त्या दोन वर्षांनंतर ही जमात फार वाढली. माणसाला एकदा कळलं की आपलं घर म्हणजे अशी चार टाळकी, आणि ती मोजताना एक कमी भरू शकतं, की तो काहीतरी लिहायला बसतोच. फक्त बहुतेक जण मोबाइलच्या नोंदवहीत लिहितात आणि विसरतात. भाऊजी मुनीम पडले. त्यांनी पक्क्या शाईने लिहिलं आणि शाई विसरू देत नाही.

खरी मौज ताईच्या खात्याची. तिला जबलपूरला न्यायचं, भेडाघाट दाखवायचा, तेही रेल्वेने. ताई लग्न होऊन आली तेव्हा छोटी गाडी होती. बालाघाटहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाताना ती जंगलात इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून मोकळी होऊन पुन्हा चढत, असं सांगतात. मग छोटी लाइन उखडली, वर्षानुवर्षं मार्ग बंद, आणि आता मोठ्या लाइनवरून गाडी धावायला लागलेली. ताईचं म्हणणं एवढंच, की एकदा त्या मोठ्या गाडीत खिडकीपाशी बसायचं. भाऊजींनी मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘जबलपूर. दोघेच.’

जानेवारीत तिसरी लाट आली. जबलपूर पाडव्यावर गेलं. २०२२ साली १ एप्रिल शुक्रवारी आणि गुढीपाडवा शनिवारी, असा योग होता. भाऊजींना दोन नवी वर्षं पाठोपाठ मिळाली आणि तिथेच घात झाला. १ तारखेला मिलचं आर्थिक वर्ष उघडायचं, २ तारखेला गुढी उभारायची, शिवाय पाडव्याला सालगडी ठरवायचा. तीन कामांत जबलपूर दिवाळीवर गेलं. दिवाळीला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आणि दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण. पाडवा एक दिवस पुढे सरकून २६ ला आला. “ग्रहण आडवं आलं,” भाऊजी म्हणाले. ताई म्हणाली, “ग्रहण एका दिवसाचं असते. माह्यं तं लग्नापासून लागलं हाय.” नोव्हेंबरात ती पोरीला आणि गल्लीतल्या पाच बायांना घेऊन जबलपूरला जाऊन आली. जाताना खिडकीपाशी बसली, येताना पण बसली. भेडाघाटला नावेत बसून संगमरवराच्या कड्यांखालून फिरली आणि तिथून संगमरवराची एक छोटी नंदी-पिंड आणली. भाऊजींनी बही काढली. ‘जबलपूर’ समोर लिहिलं : ‘प्रतिनिधीमार्फत पूर्ण.’

आता भावाचं खातं. बहीत ते सगळ्यात शेवटी होतं आणि त्यात फक्त एक ओळ : ‘धाकट्याशी बोलणे.’ कसं, कधी, काहीच नाही. २०२२ च्या जानेवारीत ऐन खरेदीत अवकाळी पाऊस आला. खरेदी केंद्रांच्या उघड्या आवारात धानाचे ढीग. भाऊजींना मिलमध्ये बातमी लागली की धाकट्याचं धान उघड्यावर आहे आणि त्याच्याकडे झाकायला पुरेसं काही नाही. भिजलं तर ओलावा १७ च्या वर, आणि मग ते धान कोणी हात लावून पाहत नाही. भाऊजींनी मिलची मोठी ताडपत्री हमालाच्या डोक्यावर देऊन धाडली. निरोप काहीच नाही. मिलच्या रजिस्टरात ‘ताडपत्री १, उसनी’ असं लिहिलं, कोणाला ते लिहिलं नाही. मुनिमाने नाव न लिहिणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मुनिमालाच कळेल. चौथ्या दिवशी धाकटा मिलच्या दाराशी येऊन उभा राहिला. भाऊजींनी मान वर केली नाही, पोत्यांचा हिशेब चालू ठेवला.

“ताडपत्री वापस कधी पाह्यजे?” धाकट्याने विचारलं.

“आईच्या वर्षाले आण,” भाऊजी म्हणाले.

त्या रात्री बहीत नोंद झाली : ‘बोलणे झाले. त्याचे शब्द ४, माझे ३.’

वर्षश्राद्ध एप्रिलमध्ये पाडव्यानंतर झालं. बस सुरू होती, मी रजेगावचा पूल कागदाशिवाय ओलांडला. माझ्यासारखेच सगळे आले. मागच्या वर्षी जे चौकोनांत होते ते सगळे, धोतर-लुगड्यात, पंगतीत, उकाड्याने हैराण होऊन, वाढप्याला ‘इकडं, इकडं’ ओरडत. अंगणात सावलीला मांडव कमी पडला तेव्हा धाकट्याने ट्रॅक्टरवरून ताडपत्री उतरवली आणि दोघा भावांनी दोन टोकं धरून ती बांधली. बांधताना गाठ कोणती मारायची यावरून त्यांचं चांगलं जोरात भांडण झालं. मराठीत. ताई माझ्या कानाशी म्हणाली, “आता झाले बरे दोघं.” भाऊजींनी पाने मोजली. एकूण ६३.

३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री मी बालाघाटलाच होतो. जेवणं झाल्यावर भाऊजींनी वार्षिक हिशेब वाचून दाखवला आणि आम्ही थक्क झालो, कारण सगळी खाती पूर्ण. शिवाय ज्यांची आठवणही नव्हती अशी खातीसुद्धा : ‘बायकोच्या दाढेचे काम करणे : पूर्ण.’ ‘पोरीला बी.एड.ला प्रवेश : पूर्ण.’ ‘छताची गळती : पूर्ण.’ सगळ्यांची तारीख १ जानेवारी २०२२. पोरगी बही ओढून घेऊन दिव्याखाली धरून म्हणाली, “बाबा, ही शाई तं नवी हाय. काम झाल्यावर संकल्प लिवले तुम्ही!”

“याले समायोजन म्हणते,” भाऊजी जराही न डगमगता म्हणाले. “साल बंद करताना सगळेच करते.”

“आन् जेवणाचं? आठ वाजताचं?”

मग भाऊजींनी चष्मा काढला. “हे पाय. सरकार मिलले एक क्विंटल धान देते तं वापस तांदूळ किती मांगते? सदुसष्ट किलो. बाकीचा भुसा, कोंडा, कनकी. शंभरावर शंभर तांदूळ कोणत्या मशीनमधून निघते? माह्यं घर सदुसष्टाच्या वर गेलं हाय यंदा.”

“आन् ती कनकी कोण खाल्ली वर्षभर?” ताईने विचारलं.

यावर भाऊजींनी बही मिटली. मी नंतर ती चाळून पाहिली. पानभर समायोजनांमध्ये एकच संकल्प जुन्या शाईतला, खरोखर १ जानेवारीला लिहिलेला आणि जसाच्या तसा पार पडलेला सापडला : ‘आईचे वर्ष. सगळ्यांनी समोरासमोर.’ त्याच्यापुढे पूर्ण किंवा अपूर्ण काही लिहिलेलं नव्हतं, नुसता आकडा होता, ६३. सदुसष्टाला चार कमी. भाऊजींनी हा हिशेब कधी लावला नसेल असं मला वाटत नाही, पण मी विचारलं नाही.

दर वर्षी आता नवी बही निघते. भेडाघाटचं खातं ‘दोघेच’ म्हणून पुन्हा उघडलं आहे आणि चार नव्या वर्षांतून फिरत आहे. ताईने त्यासाठी थांबायचं सोडून दिलंय. पुढच्या खेपेला ती बायांसोबत रामटेकला जाणार आहे.

तुम्ही कधी बालाघाटला आलात तर काली पुतली चौकात कोणालाही मुनीमजींचं घर विचारा. जेवल्याशिवाय ते सोडणार नाहीत, आणि भात चिन्नोरचा असेल याची हमी मी देतो. फोन मात्र दाराशी डब्यात टाका. जेवताना उचललात तर ५ रुपये पडतील, पाहुण्यांना सूट नाही. पावती मिळते.